पत्त्यातला प्रश्न



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर अर्थकारणावर बोलावे, असा शिरस्ता आहे. त्या पंक्तीत वेबवरील पत्त्याच्या शेपटीसंबंधी बोलावयास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो भीतभीतच सांगितला. त्यांनी तो मान्य केला, हा त्यांचा उदारपणा.

आज या मंडपातील बहुतेकांच्या खिशात फोन आहे. त्यावर आपण गाडीचे तिकीट काढतो, मुलांचे निकाल पाहतो, मालाचा भाव पाहतो. अशा वेळी पडद्याच्या कडेला एक लांबलचक ओळ असते. तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. त्या ओळीचा अर्धा भाग वाटेत गळून पडतो, आणि पडला हे कोणास कळतही नाही, तेव्हा काय घडते, एवढाच आजचा विषय आहे. विषय लहान आहे, हे कबूल. परंतु आमच्या हातून त्याने एका कुटुंबाचा एक दिवस आणि एका ट्रॅक्टरचे डिझेल वाया घालविले आहे. म्हणून तो आम्हांस लहान वाटत नाही.

एका चुकीची हकीकत

काही वर्षांपूर्वी आम्ही आणि आमचे तीन सहकारी यांनी मिळून बाजारभाव दाखविणारे एक छोटे ॲप केले होते. नाशिक जिल्ह्यातील निरनिराळ्या बाजार समित्यांत कांद्याला काय भाव निघाला, हे त्यात पाहता येई. वापरणाऱ्याने बाजार निवडावा, माल निवडावा, दिनांक निवडावा. खाली भाव दिसे. निवडलेल्या गोष्टी वरच्या पत्त्यात उमटत. समजा कोणी पिंपळगाव बाजार निवडला, तर पत्त्याचे शेवट असे दिसे: /भाव?बाजार=पिंपळगाव&माल=कांदा. कोणी काहीच निवडले नाही तर पान रिकामे दिसू नये, म्हणून आम्ही आपल्या समजुतीने लासलगावचा भाव दाखवीत होतो. ही आमची मोठी हुशारी, असे तेव्हा वाटे.

पुण्यास शिकणाऱ्या एका मुलाने पिंपळगाव निवडले. यादीच्या पानावरून 'आजचा तपशील' या दुव्यावर बोट ठेवले. तपशिलाचे पान आले, त्यावर पिंपळगावचाच भाव होता. त्याने त्या पानाचा पत्ता गावी वडिलांना पाठवून दिला. वडिलांनी तो उघडला. चांगला भाव दिसला. मुलाने पिंपळगावचा भाव पाठविला आहे हे त्यांना ठाऊकच होते. बाजाराचे नाव पुन्हा वाचण्याचे त्यांना कारण नव्हते, आणि ते आम्ही बारीक अक्षरांत छापले होते. त्यांनी ट्रॅक्टर भरून पिंपळगावास नेला. तेथे भाव बराच उतरलेला होता. जो भाव त्यांनी पाहिला तो लासलगावचा होता.

मुलाने आम्हांस फोन केला. तो रागावलेला होता, पण बोलला सभ्यपणाने. "काका, तुमच्या ॲपने माझ्या वडिलांना खोटा भाव दाखवला," एवढेच तो म्हणाला. आम्ही नोंदी तपासल्या. भावाचा आकडा अचूक होता. तो खोटा नव्हता. तो दुसऱ्याच प्रश्नाचे खरे उत्तर होता. आणि खोट्या उत्तरापेक्षा हे अधिक घातक, कारण खोटे उत्तर कधीतरी ओळखू येते, भलत्या प्रश्नाचे खरे उत्तर सहसा ओळखू येत नाही.

पत्त्याचे दोन भाग

हे घडले कसे, ते कळण्यासाठी त्या ओळीची फोड करावी लागेल. इंग्रजीत तिला यूआरएल म्हणतात. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, आणि त्या पत्त्याची रीतसर व्याख्या १९९४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. पत्त्यात आधी स्थळाचे नाव असते, मग तिरप्या रेघांनी तोडलेला मार्ग असतो, आणि पुढे कधीकधी एक प्रश्नचिन्ह येते. हे प्रश्नचिन्ह शोभेचे नाही. त्यापुढील मजकुरास 'क्वेरी' म्हणजे पृच्छाच म्हणतात. प्रश्नचिन्हाच्या अलीकडचा भाग कोठे जावयाचे ते सांगतो. पलीकडचा भाग तेथे जाऊन काय विचारावयाचे ते सांगतो.

वेबच्या अगदी आरंभी शोधावयाचे शब्द प्रश्नचिन्हापुढे अधिकच्या खुणेने जोडून लिहीत. पुढे पानांवर भरावयाचे फॉर्म आले आणि 'नाव बरोबर मूल्य' अशा जोड्या लिहून त्यांच्यामध्ये ॲम्परसँडची खूण घालण्याची रीत रूढ झाली. या प्रत्येक जोडीला पॅरामीटर म्हणतात. आमच्या उदाहरणात 'बाजार' आणि 'माल' हे दोन पॅरामीटर होते.

आता हे लक्षात घ्यावे की, मार्ग शाबूत राहून प्रश्न तेवढा गळाला, तर पान उघडतेच. मार्ग चुकला असता तर पान सापडले नाही असा निरोप आला असता आणि मनुष्य सावध झाला असता. प्रश्न हरवला की काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. एखाद्याने दुकानदाराकडे चिठ्ठी देऊन मुलाला पाठवावे, मुलाने चिठ्ठी वाटेत हरवावी, आणि दुकानदाराने 'नेहमीचे' म्हणून काहीतरी बांधून द्यावे, तसा हा प्रकार आहे. मुलगा रिकाम्या हाताने आला असता तर बरे झाले असते.

नियम काय सांगतो

प्रश्न गळाला कोणी? आमचे एक सहकारी लगेच म्हणाले, "ही त्या लायब्ररीची चूक." परंतु नियम काढून पाहिला तेव्हा निराळेच दिसले. बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग आणि लॅरी मॅसिंटर या तिघांनी लिहिलेला आरएफसी ३९८६ हा दस्तऐवज २००५ च्या जानेवारीत निघाला. पत्त्यांच्या व्यवहारात तो प्रमाण मानला जातो. त्यात एक कलम असे की, आपण एका पानावर असताना दुसऱ्या पानाचा अर्धवट पत्ता दिला, तर पूर्ण पत्ता कसा बनवावा. स्थळाचे नाव चालू पानावरून घ्यावे. नव्या पत्त्यात मार्ग दिलेला असेल, तर जुन्या पानाचा प्रश्न सोडून द्यावा. मार्ग दिला नसेल, केवळ पानातल्या पानात एखाद्या जागी जावयाचे असेल, तर प्रश्न कायम ठेवावा. आणि नुसते प्रश्नचिन्ह देऊन नवा प्रश्न लिहिला असेल, तर मार्ग तोच ठेवून जुन्याच्या जागी नवा प्रश्न घ्यावा.

या नियमात शहाणपण आहे. दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर पहिल्या ठिकाणचा प्रश्न तेथे लागू असेलच असे नाही. बाजाराच्या यादीचे तिसरे पान पाहत असताना 'संपर्क' या दुव्यावर गेलो, तर संपर्काचेही तिसरेच पान कोणी मागू नये. म्हणून नियमाने ठरविले की, न सांगता काही वाहून न्यावयाचे नाही. न्यावयाचे असेल तर सांगावे लागेल.

जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळांत हे सांगण्याचे काम सर्व्हर करीत असे. प्रत्येक दुव्याबरोबर नवे पान सर्व्हरकडून येई, आणि ते पान तयार करतानाच पुढच्या दुव्यांत हवे ते पॅरामीटर लिहिले जात. तेथेही चुका होत. पण चूक झाली की ती करणाऱ्याच्याच डोळ्यांपुढे येई, कारण पुढचे पान पत्त्यावरूनच बनत असे. प्रश्न हरवला तर त्याला स्वतःलाच भलते पान दिसे.

पुढे काळ बदलला. २००४ साली जीमेल आले, २००५ साली गूगल मॅप्स आले. संपूर्ण पान न बदलता आतला मजकूर बदलता येतो, हे लोकांनी पाहिले. आणि त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्रास 'एजॅक्स' हे नाव दिले. त्यातून एकपानी ॲप, म्हणजे ज्याला सिंगल पेज ॲप म्हणतात ते, रूढ झाले. पान एकदाच येते. पुढे आपण दुव्यावर बोट ठेवले की पानातीलच जावास्क्रिप्ट तो दुवा मध्येच अडविते, आतील देखावा बदलते, आणि वरचा पत्ताही आपल्या हाताने बदलून लिहिते. सर्व्हरला न विचारता पत्ता बदलण्याची ही सोय, पुशस्टेट नावाची, २०१० ते २०१२ या काळात प्रमुख ब्राउझरांत आली. हे काम करणाऱ्या भागास राउटर म्हणतात.

येथे खरी मेख आहे. एकपानी ॲपला दोन स्मरणे असतात. एक पत्त्यातले, जे सर्वांना दिसते. दुसरे त्याच्या स्वतःच्या पोटातले, जे त्या एका फोनपुरते असते. मुलाने दुव्यावर बोट ठेवले तेव्हा पत्त्यातला प्रश्न गळून पडला. परंतु पिंपळगाव निवडले आहे हे ॲपच्या पोटात शिल्लक होते. म्हणून त्याला बरोबर भाव दिसला. त्याने वडिलांना पाठविला तो पत्ता. पोटातले स्मरण काही पाठविता येत नाही. चूक करणाऱ्या ॲपनेच चूक झाकून ठेवली होती. आम्ही चौघांनी महिनाभर ते पान शेकडो वेळा उघडले असेल. आम्हांस ती एकदाही दिसली नाही, कारण आम्ही सर्वजण आतूनच आत जात होतो. बाहेरून येणारा पहिला मनुष्य म्हणजे तो शेतकरी.

प्रचलित राउटर याबाबत काय करतात? रिॲक्ट राउटर, व्ह्यू राउटर आणि अँग्युलरचा राउटर, तिघेही मूळ नियमाचीच री ओढतात: नव्या मार्गाचा दुवा दिला की जुना प्रश्न सोडतात. रिॲक्ट राउटरमध्ये चालू पत्त्याचा प्रश्नभाग आपण उचलून नव्या दुव्यास जोडावा लागतो. व्ह्यूमध्ये चालू प्रश्न नव्या मार्गाबरोबर स्पष्ट द्यावा लागतो. अँग्युलरने त्यासाठी दोन शब्द दिले आहेत. 'प्रिझर्व्ह' म्हटले की जुने पॅरामीटर जसेच्या तसे जातात आणि दुव्यात नवे लिहिले असतील तर त्यांचा विचार होत नाही. 'मर्ज' म्हटले की जुने व नवे एकत्र होतात आणि एकाच नावाचे दोन आले तर नवे टिकते. या दोन शब्दांतला फरक न कळल्याने किती संध्याकाळी वाया जातात, हे त्या धंद्यातील मंडळींनाच विचारावे.

अनुवृत्तीचा दाखला

मग 'सर्वच दुव्यांत सर्वच पॅरामीटर टिकवा' असा एक सरसकट हुकूम सोडला तर? आमच्या सहकाऱ्यांनी पहिली दुरुस्ती हीच सुचविली, आणि आम्हीही मान डोलाविली. आठ दिवसांत तिचे तोटे दिसू लागले. यादीचा पान क्रमांक मदतीच्या पानावर गेला, तेथून परत दुसऱ्याच मालाच्या यादीत आला, आणि ज्या यादीला दोनच पाने होती तिचे सातवे पान मागितले गेले. वापरणाऱ्याला दिसले, 'नोंद नाही.' पूर्वी प्रश्न हरवत होता. आता शिळा प्रश्न सोडून जाईना.

त्या वेळी आम्हांस आमच्या संस्कृतच्या गुरुजींची आठवण झाली. पाणिनीच्या सूत्रांत एक रीत आहे, ती येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक असेल. आधीच्या सूत्रातील एखादे पद पुढच्या सूत्रांत पुन्हा लिहिलेले नसते, तरी ते तेथे आहे असे समजावयाचे. त्यास अनुवृत्ती म्हणतात. परंतु कोणतेही पद कोठवरही चालत नाही. काही पदे पुढच्याच सूत्राशी थांबतात, काही संपूर्ण प्रकरणावर अधिकार गाजवितात, आणि काही बेडकाच्या उडीसारखी मधली सूत्रे ओलांडून पलीकडे जातात. त्यास मंडूकप्लुती असे गमतीदार नाव आहे. कोणते पद कोठवर न्यावयाचे हे ठरविण्यातच टीकाकारांची विद्वत्ता खर्ची पडली. सर्वच पदे पुढे चालतात किंवा कोणतेच चालत नाही, असे कोणी म्हटले असते तर व्याकरणच उभे राहिले नसते.

पॅरामीटरांचेही असेच आहे. प्रत्येकाची अनुवृत्ती किती, हे आधी ठरवावे लागते. आणि ते राउटर ठरवू शकत नाही, कारण शब्दाचा अर्थ त्याला कळत नाही. ते ॲप करणाऱ्यानेच ठरवावयाचे आहे.

चार प्रकारचे प्रश्न

आम्ही आमच्या ॲपमधील सारे पॅरामीटर एका कागदावर लिहून काढले आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट विचारली: हा कोणाचा? तेव्हा त्यांचे चार वर्ग पडले.

पहिला वर्ग, त्या पानाचा. पान क्रमांक, वर्गवारीचा क्रम, उघडलेला रकाना. हे त्या यादीचे आहेत. यादी सोडली की यांनी थांबावे. इतकेच नव्हे, तर यादीतली निवड बदलली की पान क्रमांकाने पुन्हा एकावर यावे.

दुसरा वर्ग, प्रवाशाचा. बाजार, माल, दिनांक, भाषा. मनुष्य या गोष्टी ठरवून आत शिरलेला असतो आणि स्वतः बदलीपर्यंत त्या त्याच्याबरोबर राहाव्यात अशी त्याची रास्त अपेक्षा असते. यांची अनुवृत्ती संपूर्ण प्रकरणभर. येथे मंडूकप्लुतीचा प्रश्न येतो. मदतीच्या पानाला बाजाराशी कर्तव्य नाही, लॉगिनच्या पानालाही नाही. परंतु त्या पानांतून परत येणाऱ्याला आहे. व्याकरणातील बेडूक मधली सूत्रे ओलांडून जातो. पत्त्यातल्या बेडकाला उडी मारता येत नाही, मधल्या पानाने त्याला पाठीवर घेऊन पलीकडे पोचवावे लागते. बहुतेक पॅरामीटर हरवतात ते लॉगिनच्या उंबऱ्यावरच. मनुष्य आल्या ठिकाणी परत जावा म्हणून ॲप मार्ग लक्षात ठेवते आणि प्रश्नचिन्हापुढचा भाग विसरते. मात्र परतीचा पत्ता असा जवळ बाळगताना तो आपल्याच स्थळाचा आहे ना, हे तपासून घ्यावे; नाहीतर कोणी लबाड मनुष्य तेथे आपला पत्ता घालून भोळ्या माणसाला आपल्या दाराशी नेऊन सोडील.

तिसरा वर्ग, दाराचा. हा मनुष्य कोणत्या जाहिरातीवरून, कोणत्या पत्रकावरून आला, हे सांगणाऱ्या खुणा. यूटीएम ही अक्षरे पुष्कळ पत्त्यांत दिसतात; ती अर्चिन नावाच्या कंपनीच्या मापनपद्धतीवरून आली, आणि ती कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली. अशा खुणा दारात एकदा वाचाव्यात आणि पत्त्यातून काढून टाकाव्यात. त्या पानोपानी वाहिल्या आणि कोणी मधल्याच पानाचा पत्ता मित्राला पाठविला, तर तो मित्रही जाहिरातीवरूनच आला अशी खोटी नोंद होते. माणसाच्या मागावर राहणाऱ्या काही खुणा तर आता ब्राउझरच गाळू लागले आहेत. फायरफॉक्सने २०२२ साली आणि ॲपलच्या सफारीने २०२३ साली अशी सोय केली. आपण त्याच खुणा इमानाने वाहत राहणे म्हणजे पाळत ठेवणाऱ्याची हमाली करणे होय.

चौथा वर्ग, पत्त्यात कधीच नसावा असा. परवलीचा शब्द, प्रवेशाचा टोकन, आजाराचे नाव, मोबाइलचा क्रमांक. पत्ता ही उघडी वस्तू आहे. तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतो, आणि लोक तो बेधडक एकमेकांना पाठवितात. पूर्वी एका स्थळावरून दुसऱ्या स्थळावर जाताना मागचा संपूर्ण पत्ता पुढच्यास कळविला जाई. क्रोमने २०२० साली आणि फायरफॉक्सने २०२१ साली नियम कडक करून, दुसऱ्या स्थळास नुसते स्थळाचे नाव कळवावे असा पायंडा पाडला. तरी बाकीच्या वाटा उघड्याच आहेत. जे पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते पत्त्यातही लिहू नये.

ही वाटणी एकदा झाली म्हणजे संहिता लिहिणे सोपे जाते. टॅनस्टॅक राउटरसारख्या नव्या साधनांत तर कोणते पॅरामीटर टिकवावयाचे आणि कोणते गाळावयाचे, हे मार्गाच्या व्याख्येतच लिहून ठेवण्याची सोय आहे. साधन कोणतेही असो; कागदावरची वाटणी त्याने होत नाही, ती आपणच करावयाची.

काही आक्षेप

येथे कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? बाजार कोणता हे फोनच्याच स्मरणात ठेवावे. आम्ही आधी तेच तर केले होते, आणि त्याचे फळ सांगून झाले. स्वतःच्या स्मरणातले दुसऱ्याला देता येत नाही. शिवाय एकाच फोनवर दोन खिडक्या उघडून एकीत पिंपळगाव व दुसरीत लासलगाव पाहणारा मनुष्य असतो. सामाईक स्मरण त्याच्या दोन प्रश्नांची सरमिसळ करते. आवडीनिवडी स्मरणात ठेवाव्यात. प्रश्न मात्र पत्त्यातच असावा.

दुसरा आक्षेप, पत्ता फार लांब होतो. यात तथ्य आहे, आणि मराठी माणसाला ते विशेष जाणवते. यूटीएफ-८ या लिपिसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन खुणांनी लिहितात. 'कांदा' या शब्दात काने-अनुस्वार धरून पाच चिन्हे. म्हणजे पत्त्यात तो ४५ खुणांचा होतो. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला २०८३ खुणांपलीकडचा पत्ता चालत नसे. आज मर्यादा सैल झाली असून २०२२ सालच्या आरएफसी ९११० मध्ये निदान ८००० बाइटांचा पत्ता सर्वांनी स्वीकारावा अशी शिफारस आहे. तरीही लांबलचक शब्दांऐवजी बाजाराचा ठराविक लहान संकेतांक पत्त्यात घालणे बरे. तो लांबी वाचवितो आणि पुढे नाव लिहिण्याची रीत बदलली तरी जुना पत्ता चालत राहतो. जोड्या मात्र हातांनी चिकटवू नयेत. कोणा मालाच्या नावातच ॲम्परसँडची खूण निघाली तर एका पॅरामीटरचे दोन होतात. त्यासाठी ब्राउझरमध्येच यूआरएल-सर्च-पॅराम्स हे साधन आहे, त्याकडून करून घ्यावे.

तिसरा आक्षेप मागे जाण्याच्या बटणाचा. प्रत्येक निवड पत्त्यात लिहिली तर मागे जाताना पन्नास वेळा बटण दाबावे लागेल, असे म्हणतात. त्याचेही उत्तर साधे आहे. मनुष्याने बाजार बदलला, तर ते पुढचे पाऊल आहे; त्याची नवी नोंद करावी. तो शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर लिहीत असेल, तर प्रत्येक अक्षर हे पाऊल नव्हे; तेथे जुनीच नोंद बदलून लिहावी. त्यासाठी पुशस्टेटच्या जोडीला रिप्लेसस्टेट दिलेले आहे.

शेवटची दुरुस्ती

हे सारे केल्यावर आम्ही आणखी एक गोष्ट केली, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. लासलगावचा तो आपोआप दिसणारा भाव आम्ही काढून टाकला. पत्त्यात बाजार नसेल तर पान आता भाव दाखवीत नाही, 'कोणता बाजार?' असे विचारते. बाजाराचे नाव भावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले. दुवे बनविण्याचे काम एकाच फंक्शनकडे सोपविले, म्हणजे कोणता पॅरामीटर न्यावयाचा याचा निर्णय चाळीस ठिकाणी विखुरलेला राहिला नाही. आणि प्रत्येक पानासाठी तीन परीक्षा ठरविल्या: पान ताजे करून पाहावे, मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, आणि पत्ता दुसऱ्याच फोनवर, जेथे आपल्या ॲपचे काहीच स्मरण नाही तेथे उघडावा. तिन्ही वेळा तेच उत्तर आले पाहिजे. तिसरी परीक्षा आम्ही आधी केली असती, तर आज आपणांस सांगण्यासारखी हकीकत आमच्यापाशी नसती.

त्या शेतकऱ्यास भेटावयास आम्ही नंतर गेलो. नुकसानभरपाईची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली. आम्ही त्यांना फोनवर नवे पान दाखविले. त्यांनी ते नीट पाहिले आणि म्हणाले, "हे बरं केलं. माहीत नसलं तर विचारावं. आमच्या बाजारातसुद्धा विचारल्याबिगर कुणी भाव सांगत नाही." आम्हांस चार महिने लागले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आपण पत्ता पाठवितो तेव्हा नुसती जागा पाठवीत नाही. आपण ज्या नजरेने ती जागा पाहिली, जो प्रश्न मनात धरून पाहिली, तो प्रश्न पाठवीत असतो, आणि समोरचा मनुष्य आपल्यावर विश्वास ठेवून तो उघडतो. पुण्यातला तो मुलगा आणि शेतावरचे त्याचे वडील यांच्यामध्ये त्या दिवशी तेवढी एकच ओळ होती. ती ओळ अर्धी करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नव्हता. जे यंत्रे घडवितात त्यांनी दुसऱ्याचा प्रश्न वाहताना तो आपला नव्हे, सोपविलेला आहे, एवढे ध्यानात ठेवावे. आणि तो वाटेत हरवलाच, तर उत्तर देण्याची घाई न करता पुन्हा विचारावे. जे नुसती वापरणारी मंडळी आहेत त्यांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी कोणास पत्ता पाठविण्यापूर्वी त्यातील प्रश्नचिन्हापुढचा भाग शाबूत आहे का, एवढे पाहावे, आणि आलेल्या पानाचा मथळाही आकड्याआधी वाचावा.